चैत्रातली मुंबई : खाणारे, पिणारे आणि वाढणारे

(द्वितीय वर्ष, कला)

मुंबईला ऋतू दोनच, एक पावसाळा आणि दुसरा उन्हाळा, असे थट्टेने म्हटले जाते. ते अगदीच खोटे नाही. फुललेला पळस पाहायचा तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत जावे लागते आणि कोकिळेचा आवाज गाड्यांच्या भोंग्यांत हरवतो. तरीही वसंत आल्याचे या शहराला कळते. ते डोळ्यांना नव्हे, जिभेला कळते. फाल्गुन सरत आला की भाजीवाल्यांच्या पाट्यांत कैऱ्या दिसू लागतात, फुटपाथवर ताडगोळे येतात, रसाच्या गाड्यांवरचे घुंगरू वाजू लागतात आणि संध्याकाळी चर्नी रोड स्थानकावर उतरलेली गर्दी चौपाटीकडे वळते. परीक्षेच्या आधी आणि नंतर आपल्या महाविद्यालयातले घोळकेही वर्गणी काढून बाहेर पडतात. या फेरफटक्यात आपण काय खातो-पितो, ते का, आणि ते आपल्या हाती कोण आणून देतो, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

प्रथम शरीराचा प्रश्न घेऊ. मार्च महिन्यात मुंबईवर सकाळी जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून, कोरडे व तापलेले वारे येतात. दुपारच्या सुमारास समुद्रावरचा वारा सुरू झाला की उष्मा थोडा उतरतो. ज्या दिवशी हा वारा उशिरा सुरू होतो, त्या दिवशी पारा एकदम चढतो. पुढे चैत्र-वैशाखात हवेतला दमटपणा वाढतो. दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होते. नुसता वाहिला तर पाणी आणि मीठ मात्र जाते. संध्याकाळी चौपाटीवर बरे वाटते, ते समुद्राकडून येणारा वारा अंगावरचा घाम वाळवतो म्हणून. लोक तेथे केवळ भेळेसाठी जात नाहीत. दिवसभर तापलेल्या खोलीतून सुटका म्हणूनही जातात.

आपल्या जुन्या पेयांची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पन्ह्यात उकडलेली कैरी, गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ असते. गोड पदार्थात मीठ कशाला, असे लहानपणी वाटते. पण आतड्यात साखर आणि मीठ एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही ओढले जाते, हे विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धकाळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजले आणि असंख्य जीव वाचवले. पन्हे हे काही त्या औषधाची जागा घेणार नाही. त्यात साखर फार आणि मीठ कमी. पण दोन्ही एकत्र घालावीत, ही समज आपल्या स्वयंपाकघरात होती, एवढे खरे.

नीरेचे गणित वेगळे आहे. ताड, शिंदी किंवा माड यांच्या झाडाला रात्रभर मडके बांधून गोळा केलेला गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढू लागले की ती आंबते आणि तिची ताडी होते. म्हणून नीरा पहाटे उतरवतात, थंड ठेवतात आणि सकाळीच प्यायची असते. एकाच झाडाचा एकच रस सकाळी पेय आणि दुपारी मद्य ठरतो. त्यामुळे दारूबंदीच्या कायद्याने नीरेच्या विक्रीलाही परवाना लागतो. ताडाच्या कोवळ्या फळातून निघतात ते ताडगोळे. एका फळात बहुधा तीन असतात. पालघर, वसईकडून ते येतात. सोलायला कौशल्य लागते. कोयता थोडा जास्त गेला तर आतले पाणी सांडते आणि गोळ्याची निम्मी गंमत जाते.

आता या शहराच्या वसंतातील पंक्ती पाहू. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचे हळदीकुंकू चालते. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतून बायका एकमेकींकडे जातात. आंबेडाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे मिळतात. पैसे न लागणारी ही खाण्याची फेरी आहे. तिच्यात विधवेला बोलावणे नसे. आता काही घरांत ती प्रथा मोडली जाते, ही समाधानाची गोष्ट. २१ मार्चला पारशी मंडळींचा जमशेदी नवरोज येतो आणि फालुदा आठवतो. फालुदा मूळचा इराणचा. येथे येऊन त्याने दूध, गुलाबाचे सरबत आणि सब्जा यांच्याशी मैत्री केली. चांद्र कालगणनेमुळे रमजान दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी त्याचे बरेचसे दिवस मार्चमध्ये आले, आणि महंमद अली रस्त्यावर मिनारा मशिदीच्या आसपास मालपुवा आणि मातीच्या वाटीतली फिरनी खायला सर्व धर्मांची तरुण मुले गेली. एकाच महिन्यात, चार-पाच मैलांच्या आत, पन्हे, फालुदा आणि फिरनी! मुंबईचा वसंत असा सरमिसळीचा आहे.

चौपाटीची भेळ मात्र कोणत्याच पंचांगात बसत नाही. चुरमुरे, शेव, पुरी, कांदा, बटाटा, चिंच-खजुराची चटणी. आणि चैत्रात वरून कैरीचे बारीक तुकडे. तिची खरी खुबी अशी की ती ग्राहकासमोर शिजवावी लागत नाही, फक्त कालवावी लागते. शिजवण्याचे काम आधीच झालेले असते. बटाटे उकडणे, चटण्या वाटणे, कोथिंबीर निवडणे हे सगळे विक्रेत्याच्या घरात दुपारी चालते, आणि ते बहुतेक वेळा घरातल्या बायका करतात. आपण वाळूत बसून जे पाच मिनिटांत संपवतो, त्याच्यामागे कुणाची तरी सबंध दुपार असते.

बर्फाचा गोळा खाताना आणखी एक इतिहास जिभेवर विरघळतो. १८३३ साली अमेरिकेतील बॉस्टनहून बर्फ भरलेले जहाज कलकत्त्याला आले. पुढे मुंबईलाही तसा बर्फ येऊ लागला. भुशात गुंडाळून, महिनोन् महिने समुद्रातून आणलेला हा बर्फ फक्त साहेबांच्या आणि शेठ लोकांच्या मेजावर जाई. कारखान्यात बर्फ तयार होऊ लागल्यावर गारवा स्वस्त झाला आणि काठीवर चढून आमच्यापर्यंत आला. पण सर्वच बर्फ खाण्याचा नसतो. मासळी व इतर माल टिकवण्याचा बर्फ साध्या पाण्याचाही असू शकतो. दोहोंतला फरक दिसावा म्हणून २०१८ पासून महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आहे. गोळा घेताना लादीकडे एक नजर टाकावी.

उसाच्या रसाविषयी मी थोडे अधिकाराने लिहू शकते, कारण माझे वडील बावीस वर्षे मुंबईत रस काढत आहेत. मुंबई-पुण्यात ‘कानिफनाथ’ किंवा ‘नवनाथ’ नावाची रसवंतीगृहे तुम्ही ठिकठिकाणी पाहिली असतील. पुरंदर तालुक्यात बोपगावजवळच्या डोंगरावर कानिफनाथांचे देवस्थान आहे. तो भाग कमी पावसाचा. त्या परिसरातील पुष्कळ कुटुंबे या धंद्यात शिरली आणि देवाचे नाव बरोबर घेऊन आली. वडीलही त्याच बाजूचे. आधी एका नातेवाइकाच्या रसवंतीत ग्लास धुतले, मग स्वतःचा गाडा केला. चरकाला घुंगरू का, असे मला मैत्रिणी विचारतात. पूर्वी लाकडी चरकाला बैल जुंपलेला असे आणि त्याच्या गळ्यात घुंगरांची माळ असे. बैल गेला, घुंगरू राहिले, असे जुने लोक सांगतात.

उसात साखर साठते ती थंडीत. त्यामुळे माघ ते चैत्र या काळातला रस सर्वांत गोड. पहाटे मोळ्या येतात. ऊस कोयत्याने तासायचा, धुवायचा, मग आले व लिंबू घालून तीन-चार वेळा चरकातून काढायचा. रस हवेत राहिला की काळपट पडतो, कारण उसातल्या काही द्रव्यांचा हवेशी संयोग होतो. लिंबाच्या आंबटपणाने ती क्रिया मंदावते. म्हणजे लिंबू केवळ चवीसाठी नसते. रसात शेकडा बारा ते पंधरा भाग साखर असते, तेव्हा मधुमेह असणाऱ्यांनी बेताने घ्यावा, हेही सांगितलेले बरे. रात्री चरकाचे लाट गरम पाण्याने धुतल्याशिवाय घरी जायचे नाही, हा आमच्याकडचा नियम. शिळ्या चिपाडाचा एक धागा राहिला तरी दुसऱ्या दिवशीचा रस आंबूस लागतो. पाडव्यापासून मेअखेरपर्यंत आमच्याकडे रोज पाच मोळ्या लागतात. पावसाळ्यात एकही नाही. तेव्हा त्याच गाड्यावर मक्याची कणसे भाजतात. ज्याला आपण वसंत म्हणतो, ती आमच्या घरची सुगी.

या सुगीलाही टोळधाड असते. मी अकरावीत असताना ऐन चैत्रात आमचा चरक उचलून नेण्यात आला. तो सोडवून आणेपर्यंत अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत दोन वेळची चूल पेटली ती उसनवारीवर. माझ्या दुसऱ्या सहामाहीच्या शुल्काची मुदत त्याच आठवड्यात होती. आईच्या हातातल्या दोन बांगड्यांनी ती पाळली. त्यानंतर मी कायदा मिळवून वाचला. रस्त्यावर व्यापार करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला घटनादत्त हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये म्हटले. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला उठवू नये. शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावेत. जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि इतर माल दोन दिवसांत, सुट्टीचे दिवस सोडून, परत द्यावा, असे त्यात लिहिले आहे. अकरा दिवस आणि दोन दिवस यांतला फरक मला राज्यशास्त्राच्या कोणत्याही तासापेक्षा लवकर समजला. फुटपाथ चालणाऱ्यांसाठी मोकळा हवा, हे मलाही मान्य आहे. मीही रोज त्यावरून चालते. पण जागा आखून देणे आणि चरक उचलून नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केल्याशिवाय दुसरी करू नये, एवढेच तो कायदा सांगतो.

आणखी एक गोष्ट. बावीस वर्षे या शहरात राहून माझ्या आईने चौपाटीवरची भेळ एकदाच खाल्ली आहे. जेव्हा शहर फिरायला निघते, तेव्हा तिचे हात कामात असतात. तिचा वसंतातला फेरफटका म्हणजे चाळीतले चैत्राचे हळदीकुंकू, तेही गाड्यावरून अर्धा तास सुटी मिळाली तर. सहलीला जाणाऱ्यांबरोबर सहल घडवणाऱ्यांचीही मोजदाद व्हावी, असे मला वाटते ते यामुळे.

शेवटी काही सूचना. वर्गणी काढून बाहेर पडाल तेव्हा गाड्यावरच्या माणसाशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. उपाहारगृहाच्या बिलावर आपण कधी ती करीत नाही. ग्लास जागेवर परत ठेवा. वाळूत कागद टाकू नका, कारण त्याचा बोल आपल्यापेक्षा भेळवाल्याला अधिक लागतो. आणि आपल्या विद्यार्थी मंडळाला एक विनंती : वार्षिक समारंभात बाटलीबंद रंगीत पेये मागवण्याऐवजी एक दिवस पन्हे आणि ताजा रस ठेवावा, आणि तो महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर उभ्या असणाऱ्या विक्रेत्यांकडूनच घ्यावा. त्यांना आत बोलावून, खुर्ची देऊन. प्राध्यापक मंडळींनी यास अनुमती द्यावी. किती मोळ्या लागतील, त्याचा हिशेब करून द्यायला मी तयार आहे.