संगणकाची आच जरा मंद करा

मैत्रिणींनो, वैशाखात आपण स्वयंपाक सकाळीच उरकून घेतो. पण घरातल्या संगणकाला दुपारची सुटी कोण देणार? रिसोड तालुक्यातल्या आमच्या रिठदला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि माझा संगणक नेमका पत्र्याच्या खोलीत! धाकटे भाऊजी लग्नांचं चित्रीकरण करतात. ते व्हिडिओ जोडून देणं माझं काम. ऐन लग्नसराईत काम पुरं होत आलं, की संगणक फटकन बंद. तीनदा असं झालं. वधूच्या वडिलांचे फोनवर फोन. दुरुस्तीवाला म्हणाला, "वहिनी, प्रोसेसर गेला. नवा टाका." भिशीचे पैसे त्यात घालायची वेळ आली होती.

प्रोसेसर गेला नव्हता, तापत होता. बहुतेक प्रोसेसरांची हद्द १०० अंशांच्या आसपास असते. तिथवर गेला की तो आधी वेग कमी करतो, आणि तेवढ्यानंही भागलं नाही तर संगणक बंद पडतो.

अकोल्याच्या भाचीनं फोनवर उपाय सांगितला, तो असा. किती पाहुणे येतील याचा भरवसा नसला की आपण दोन मुठी तांदूळ जास्तच टाकतो ना? कारखानेवालेही तसंच करतात. प्रत्येक प्रोसेसर सारखा निघत नाही, म्हणून सगळ्यांनाच थोडं जास्त व्होल्टेज ठेवतात. ते जास्तीचं काढलं तर काम तेवढंच, उष्णता कमी. व्होल्टेज १० टक्के उतरलं तर वेग तोच राहूनही कामाची उष्णता सुमारे १९ टक्के घटते. जास्तीचं व्होल्टेज बाधतंही बरं का! इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर त्यापायीच बिघडत होते, हे २०२४ साली कंपनीनंच मान्य केलं आणि त्यावर सुधारणा दिली.

मी आधी पेटी उघडून ब्रशनं धूळ काढली. (केवढी ती धूळ!) प्रोसेसरवरची वाळलेली पेस्टही बदलून घेतली. ९६ अंशांवरचा आकडा ९० वर आला. मग संगणक सुरू होताना डिलीटचं बटण दाबून बायोसमध्ये गेले. तिथले मूळ आकडे हिशेबाच्या वहीत उतरवले. ही पायरी गाळू नका. व्होल्टेजच्या ऑफसेटला उणे चिन्ह निवडलं. इथं चुकून अधिक राहिलं तर उलटाच कारभार व्हायचा! एका वेळी ०.०२५ व्होल्ट कमी करायचे आणि तासभर जड काम देऊन पाहायचं. तीन पायऱ्या सुखरूप उतरले, चौथीला पडदा निळा झाला. घाबरले नाही, एक पायरी मागे आले. आकडा ८४ वर स्थिरावला.

चाचणी चालू असताना महत्त्वाचं काम मात्र उघडू नका, फाइल बिघडू शकते. संगणक सुरूच झाला नाही, तर वीज काढून आतली गोल बॅटरी थोडा वेळ बाजूला ठेवावी. बहुधा मूळ आकडे परत येतात. काही तयार संगणकांत ही सोय नसतेच. त्यांनी धूळ आणि पेस्टवरच भागवावं. आणि कूलरचा ओला झोत पेटीवर मुळीच घेऊ नये.

त्या लग्नाचा व्हिडिओ चौथ्या दिवशी पोचता केला. संगणकाचा पंखाही आता पूर्वीसारखा किंचाळत नाही. शेजारच्या खोलीत सासूबाई दुपारी निवांत झोपतात.