विज्ञान आणि राज्यकारभार : प्रश्न कोणी विचारला?

मागील लेखांकात प्रधान वैज्ञानिक सल्लागाराच्या पदाचा, म्हणजे १९९९ मध्ये निर्माण झालेल्या आणि डॉ. अब्दुल कलाम यांनी प्रथम भूषविलेल्या पदाचा, विचार झाला. धोरणावर अधिक थेट परिणाम घडतो तो मात्र एखाद्या विशिष्ट प्रश्नापुरत्या नेमलेल्या तज्ज्ञ समितीकडून. आणि अशा समितीच्या सल्ल्याचे स्वरूप तिच्या सदस्यांच्या विद्वत्तेइतकेच तिच्या कार्यकक्षेवर, म्हणजे शासनाने तिला नेमके काय विचारले आहे यावर, अवलंबून असते. पश्चिम घाटाविषयीच्या दोन समित्या हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

मार्च २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीला मुख्यतः घाटाची परिसंस्था कोठे किती नाजूक आहे, असे विचारले गेले होते. समितीने संपूर्ण घाट सुमारे नऊ किलोमीटर बाजूच्या चौकोनांत विभागला, उंची, उतार, वनाच्छादन आणि जैवविविधता यांनुसार प्रत्येक चौकोनाला गुण दिले, त्यावरून कमीअधिक कडक निर्बंधांचे तीन विभाग सुचविले आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरवावी असे म्हटले. ही शेवटची अट बहुतेक टीकाकारांच्या नजरेतून सुटली.

३१ ऑगस्ट २०११ रोजी सादर झालेला हा अहवाल मंत्रालयाने प्रसिद्ध केला नाही. माहिती अधिकाराखाली तो मागितला गेला, तेव्हा तो अद्याप अंतिम नाही आणि उघड केल्यास राज्याच्या आर्थिक व वैज्ञानिक हितास बाध येईल, अशी भूमिका घेण्यात आली. शास्त्रज्ञांचा अहवाल दडविण्यासाठी वैज्ञानिक हिताचाच दाखला द्यावा, हे विलक्षणच म्हटले पाहिजे. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये ही भूमिका फेटाळली, मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयातही मंत्रालयाची डाळ शिजली नाही आणि अहवाल खुला झाला. तोवर त्याविषयीच्या अफवा मात्र गावोगाव पोहोचल्या होत्या.

ऑगस्ट २०१२ मध्ये अंतराळ शास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा कार्यगट नेमला गेला आणि येथे प्रश्नच बदलला. पहिला अहवाल राज्य सरकारांच्या व इतरांच्या हरकतींच्या प्रकाशात तपासणे, हे त्याचे काम होते. उपग्रह प्रतिमांच्या आधारे त्याने शेती, मळे आणि वस्त्यांचा ‘सांस्कृतिक भूप्रदेश’ हा ‘नैसर्गिक भूप्रदेशा’पासून वेगळा काढला आणि घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग, म्हणजे जवळपास ६०,००० चौरस किलोमीटर क्षेत्र, संवेदनशील ठरविले. एकक चौकोनाऐवजी महसुली गाव झाले, त्यामुळे एखाद्या गावाचा २० टक्के किंवा अधिक भाग संवेदनशील आढळल्यास ते संपूर्ण गाव यादीत आले. दोन अहवालांतील अंतर म्हणून केवळ वैज्ञानिक मतभेदाचे नव्हे. घाटाला काय सोसवेल आणि राज्यांना काय पचेल, या दोन वेगळ्या प्रश्नांची ती उत्तरे होत.

दुसऱ्या अहवालावर आधारलेली अधिसूचना २०१४ पासून मसुद्याच्याच रूपात वारंवार प्रसिद्ध होत आली आहे. राज्यांच्या हरकती न मिटल्याने २०२२ मध्ये मंत्रालयाने आणखी एक समिती नेमली, आणि तिचे अध्यक्षपद निवृत्त वन महासंचालकांकडे दिले.