विश्लेषण : तोंडच उघडत नसेल तर भूल कशी देतात? नाक-घसा बधिर करणारे कोणते औषध किती सुरक्षित?

सुपारी, मावा, गुटखा वर्षानुवर्षे चघळल्याने गालाची आतली त्वचा ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी जळगाव-धुळ्यासह सगळीकडे असे रुग्ण येतच असतात. त्यांच्यावर शस्त्रक्रियेची वेळ आली, की भूलतज्ज्ञापुढे पहिला प्रश्न असतो श्वासनलिकेत नळी घालायची कशी?

अडचण नेमकी काय?

पूर्ण भूल देताना स्नायू सैल करणारे औषध दिले, की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. मग तोंडातून नळी घालून ऑक्सिजन दिला जातो. पण तोंडात जेमतेम एक बोट जात असेल तर नळी घालण्याचे उपकरण आत शिरत नाही. त्यात मास्कनेही ऑक्सिजन पोहोचला नाही, तर काही मिनिटांत मेंदूला इजा होऊ शकते.

मग उपाय कोणता?

रुग्णाला जागे ठेवायचे. तो स्वतः श्वास घेत असतानाच नाकातून बारीक, लवचिक दुर्बीण श्वासनलिकेपर्यंत न्यायची, तिच्यावरून नळी सरकवायची आणि मगच झोपवायचे. १९६७ मध्ये लंडनमध्ये पीटर मर्फी यांनी अशी दुर्बीण वापरून नाकातून नळी घातली होती. मात्र नाक, घसा आणि स्वरयंत्र नीट बधिर झाले नाही, तर ठसका आणि उबळ येऊन सगळेच अडते.

कोणते औषध सरस?

लिग्नोकेन : सर्वाधिक वापर याचाच. काही मिनिटांत परिणाम होतो. फवारा, जेली, वाफ अशा सगळ्या प्रकारांत देता येते.

कोकेन : १८८४ पासून वैद्यकात वापर. बधिरही करते आणि रक्तवाहिन्या आकसून नाकातला रक्तस्रावही रोखते. पण रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढवते, शिवाय अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेत येते. म्हणून आता लिग्नोकेनच्या जोडीला सर्दीच्या थेंबांतले झायलोमेटाझोलिन वापरून तेच काम साधले जाते.

बेंझोकेन : परिणाम लवकर, पण क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटवते.

टेट्राकेन, ब्युपिव्हाकेन : परिणाम दीर्घकाळ टिकतो. पण टेट्राकेन थोडे जास्त झाले तरी घातक ठरते. ब्युपिव्हाकेनचा परिणाम उशिरा सुरू होतो आणि मात्रा चुकल्यास हृदयाला धोका असतो.

मात्रेचे गणित काय?

ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या २०१९-२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लिग्नोकेनची कमाल मर्यादा चरबी वगळून धरलेल्या वजनाच्या दर किलोमागे ९ मिलिग्रॅम आहे. असे वजन ६० किलो असेल तर मर्यादा ५४० मिलिग्रॅम. ४ टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे साडेतेरा मिलिलिटरमध्येच मर्यादा संपते. फवारा, जेली, वाफ, इंजेक्शन या सगळ्यांची बेरीज एकत्रच धरावी लागते. चूक होते ती इथेच. ही कमाल मर्यादा आहे. काम त्याहून कमी मात्रेत होत असेल तर उत्तमच.

मात्रा जास्त झाली तर?

ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज, गरगरणे ही पहिली लक्षणे. त्यानंतर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जागा रुग्ण ही लक्षणे लगेच सांगू शकतो. उपचारासाठी २० टक्के चरबीयुक्त द्रावण शिरेतून देतात.

रुग्णाने काय करावे?

आपली मधली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे घरीच पाहा. जात नसतील तर शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला स्वतःहून सांगा. गुटख्याची सवय लाजेने लपवू नका. यकृत किंवा हृदयाचा आजार, औषधाची अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, नाकाचे वाढलेले हाड हेही सांगा. नंतर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत आणि डॉक्टर सांगेपर्यंत पाण्याचा घोटही घेऊ नका. तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.