प्रगतीची नोंदवही – लेखांक अकरावा : गाड्या मोजल्या, कर्ज मोजलं नाही

नीरा डावा कालवा आणि विश्वेश्वरय्यांची पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत यावर आज लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. सुप्याहून एका वाचकांनी असा प्रश्न पाठवला आहे की तो बाजूला सारून पुढे जाणं मला जमेना. ते म्हणतात, १८३६च्या जमीन महसुलाच्या बंदोबस्तानं इंदापूर सुधारलं आणि त्या सुधारणेची पद्धतशीर नोंद झाली, असं तुम्ही लिहिलंत. मग चाळीस वर्षांच्या आत आमच्या सुप्यात सावकारांची दप्तरं का जळाली?

याचं उत्तर मी बैलगाडीपासून सुरू करतो. गाडी हा माझा आवडीचा विषय आहे म्हणून, आणि सरकारी कागदांतही उत्तर तिथूनच सुरू होतं म्हणून.

१८३६च्या आधी या मुलखात गाड्या फारच थोड्या होत्या. होत्या त्या भरीव चाकांच्या, अवजड, शिवारातलं पीक खळ्यावर आणण्यापुरत्या. लांबचा माल बैलांच्या पाठीवर, गोणीतून, वंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर जायचा. ज्वारीसारखं अवजड आणि स्वस्त धान्य असं दूर नेणं परवडत नसे. पीक चांगलं आलं की गावातच भाव पडत. मोजणी खात्यातल्या गेसफर्ड नावाच्या लेफ्टनंटनं इंदापूरच्या पलीकडे टेंभुर्णीला आऱ्यांच्या चाकांची हलकी गाडी तयार करवली. ती एका बैलजोडीला ओढता येई. पुढच्या वर्षांत सुतारांनी ती उचलली, रस्ते झाले, १८५८ला रेल्वे पुण्यात आली आणि १८६०ला सोलापुरात पोचली. इंदापूरच्या शेतकऱ्याला पहिल्यांदाच आपल्या गावाबाहेरचा भाव मिळू लागला.

दख्खनच्या शेतकरी जीवनात त्या शतकात झालेला सर्वांत मोठा बदल मला विचाराल तर मी या गाडीचं नाव घेईन. तिचा ना पुतळा आहे ना शताब्दी झाली. तिची नोंद मात्र झाली. इंदापूरच्या बंदोबस्ताची मुदत ३० वर्षांची होती. ती संपल्यावर १८६६-६७च्या सुमारास अधिकारी फेरतपासणीला आले तेव्हा त्यांनी लोकसंख्या मोजली, बैल मोजले, नांगर मोजले, विहिरी मोजल्या, गाड्या मोजल्या. तीस वर्षांपूर्वीचे आकडे एका रकान्यात, आजचे शेजारच्या रकान्यात. माणसांची भरभराट अशी दोन रकान्यांत मांडून दाखवणारा याच्याइतका जुना कागद आपल्या भागापुरता मला माहीत नाही.

हे रकाने आले कुठून? इथे थोडी वाट वाकडी करतो. १७९४च्या आसपास फ्रान्समध्ये कोंदोर्से नावाचा गणिती क्रांतिकाळातल्या अटकेच्या भीतीनं लपून बसला होता. त्या अवस्थेत त्यानं मानवी बुद्धीच्या प्रगतीचा इतिहास लिहिला; माणूस सुधारत जाईल आणि त्या सुधारणेला अंत नाही, असा त्याचा विश्वास होता. त्याला उत्तर म्हणून १७९८ला इंग्लंडमध्ये माल्थसनं लोकसंख्येवरचा निबंध लिहिला : तोंडं अन्नापेक्षा भराभर वाढतात, तेव्हा एवढी आशा धरू नका. हाच माल्थस पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी कॉलेजात प्राध्यापक झाला. तिथे शिकलेला त्याचा विद्यार्थी रॉबर्ट कीथ प्रिंगल १८२०च्या दशकात पुणे जिल्ह्यात आला आणि खर्च वजा जाता शेतात जे निव्वळ उरतं त्यावर सारा बसवायचा, हा पुस्तकातला सिद्धांत त्यानं आपल्या शिवारांवर लावला. मोजणी चुकीची झाली, खालच्या कारकुनांनी हात ओले करून घेतले, त्यात भाव पडले. लोक जमिनी टाकून निजामाच्या मुलखात निघून गेले. प्रगतीवरचा युरोपातला तो वाद इंदापूरच्या पडीक रानापर्यंत असा येऊन पोचला होता.

गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६चा बंदोबस्त केला तो हे रान पुन्हा वहितीला आणायला. त्यांनी सिद्धांत बाजूला ठेवला. मातीची खोली आणि रंग पाहून जमिनीच्या नऊ प्रती लावल्या, मागची वसुली पाहिली, दर खाली आणले आणि ते ३० वर्षं वाढणार नाहीत असा शब्द दिला. तुमच्या जुन्या सातबाऱ्यावरचे एकर आणि गुंठे त्याच मोजणीच्या परंपरेतले. पडीक जमीन झपाट्यानं लागवडीला आली. या दोघांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि गेल्या लेखांकात लिहिलेलं मी मागे घेत नाही.

सुप्याच्या प्रश्नाची गाठ पुढे आहे. फेरतपासणीत जी भरभराट मोजली ती कशासाठी? सारा वाढवण्यासाठी. १८६५च्या मुंबई सर्व्हे कायद्यात एक चांगलं कलम होतं : शेतकऱ्यानं स्वतःच्या पैशानं विहीर वगैरे सुधारणा केली तर तिच्यामुळे सारा वाढवायचा नाही. पण धान्याचे भाव आणि दळणवळणाची सोय, या कारणांवर वाढवता येत होता. म्हणजे विहीर वाचली, गाडी सापडली. त्यात मोजणीची वेळ अशी की १८६१ ते १८६५च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस अडकला होता, आणि त्यामुळे इकडे आलेला पैसा अजून खेळत होता. तेच भाव कायमचे धरून नवे दर बसले. पुढे भाव उतरले, दर तसेच राहिले. वाढ किती बोचली असेल याचा अंदाज एका आदेशावरून येतो. १८७४ला सरकारलाच मर्यादा घालावी लागली : तालुक्याला किंवा गावांच्या एका गटाला ३३ टक्के, एका गावाला ६६ टक्के, एका खातेदाराला शंभर टक्के, यापेक्षा जास्त वाढ नको. दुप्पट सारा हीसुद्धा मर्यादाच ठरली!

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. त्या दोन रकान्यांत कर्जाला जागा नव्हती. गाडी दिसली, ती कुणाच्या पैशानं आली हे कुणी विचारलं नाही. बैल मोजले, ते गहाण आहेत का हे नाही. १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत आली. हेतू कुळाच्या भल्याचा होता, पण झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा कागद लिहून घेऊ लागला आणि त्यावर पुन्हा व्याज. सही नुसत्या खुणेची, कागद वाचता येत नाही, कोर्ट कागदाच्या बाजूचं.

१२ मे १८७५. सुप्याच्या बाजाराचा दिवस. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. जमाव सावकारांच्या दुकानांवर गेला. तिथून लोण जिल्ह्यात पसरलं, इंदापूर तालुक्यापर्यंतही गेलं. या दंग्यांबद्दल सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगानं एक गोष्ट नमूद केली आहे ती फार बोलकी आहे : लोकांना हवे होते ते कागद. कर्जरोखे, हुकूमनामे, खतावण्या. ते हाती आले की जाळायचे, आणि बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर थांबायचं. मग आयोगानं जे आधी मोजलं नव्हतं ते मोजलं. नगर जिल्ह्यातल्या काही गावांची पाहणी करून त्यांनी लिहिलं की सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले आहेत, त्यांचं कर्ज सरासरी साऱ्याच्या अठरा पट आहे, आणि त्यातलं दोन तृतीयांशाच्या आसपास जमिनीच्या गहाणावर आहे. १८७९चा दख्खन शेतकरी कायदा यातूनच आला.

म्हणून सुप्याच्या वाचकांना माझं उत्तर असं : इंदापूर सुधारलं हे खरं आणि सुप्यात दप्तरं जळाली हेही खरं, कारण सुधारणा मोजणाऱ्यानं निम्मीच वही लिहिली. त्याच काळात लंडनच्या पार्लमेंटपुढे हिंदुस्थानच्या नैतिक आणि भौतिक प्रगतीचा अहवाल दरवर्षी ठेवला जात होता. त्या अहवालाला इथून उत्तरं दिली गेली. १८७०ला स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनं शेतकऱ्यांच्या स्थितीची स्वतः चौकशी केली. दादाभाई नौरोजींनी सरकारचेच आकडे घेऊन दारिद्र्याचा हिशेब मांडला. १८८३ला जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा झाला. प्रगतीची वही शेतकऱ्याच्या बाजूनं लिहिण्याची आपली परंपरा इथून सुरू होते, आणि मला तिचा अभिमान आहे.

आज आपल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ही वही कोण लिहितं? साखर कारखाने. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर. वार्षिक सभेचा अहवाल घरोघरी येतो : गाळप किती, उतारा किती, दर किती. त्याच पुस्तिकेत ताळेबंदही असतो, म्हणजे कर्जाचं पान सक्तीचं. सभासद उठून त्यावर प्रश्न विचारतो. १८६७च्या इंदापूरकराला हे कधी मिळालं नव्हतं, आणि मी या पुस्तिकेला फार मोठी कमाई मानतो. जानेवारीत बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचं ‘कृषिक’ प्रदर्शन भरतं. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनापासून माणसं आपली प्रगती अशी मांडून दाखवत आली आहेत, पण इथे पाहणाऱ्याला बांधावर उभं राहून पीक हातात घेता येतं.

तरी रिकामे रकाने आजही आहेत. ऊसतोड टोळीनं घेतलेली उचल, आणि हंगाम संपताना ती फिटली की उरली, हे कुठल्याही सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मला सापडलेलं नाही. बारामती तालुक्याची सरासरी काढली की नीरेकाठचा बागायती पट्टा सुप्याकडच्या जिरायती पट्ट्याला झाकून टाकतो. जानाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेच्या आवर्तनाची वाट पाहणारं गाव त्या सरासरीत दिसत नाही. हे आकडे गावनिहाय वेगळे मांडले गेलेच पाहिजेत.

पुढच्या आठवड्यात कालवा नक्की. तोवर एक विनंती. तुमच्या माळ्यावर, पेटीत जुनी गहाणखतं, सावकारी खतावण्यांची पानं, कारखान्यांचे सुरुवातीच्या वर्षांतले अहवाल असतील तर ते रद्दीत घालू नका. मोडी वाचता येत नसलं तरी चालेल. फोटो काढून ठेवा आणि मला कळवा.