टक् ऐकू आलं का?

मुंबई-कोलकाता महामार्ग नांदुऱ्यावरून जातो. थंडीत पहाटे तिथं धुकं दाटलं, की जुन्या प्रीमियर पद्मिनीला फॉग लॅम्प हवेच. पण बटण दाबलं नि ते लागलेच नाहीत तर?

दोस्तांनो, आधी कान द्या! ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतात. एवढ्यानं नाजूक बटण वितळायचं. म्हणून मध्ये रिले. बटणातून त्याच्या गुंडाळीत थोडीशी वीज जाते, गुंडाळीचं लोहचुंबक होतं नि दिव्यांची जाड तार जोडली जाते... टक्!

आवाज आला? मग बटण ठीक; फ्यूज, बल्ब, गंजलेली अर्थ मोठ्यांसोबत तपासा. नाही आला? बटण, त्याच्या तारा किंवा रिलेच बिघडलाय. फ्यूजऐवजी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे काका भेटतील. त्यांचं मुळीच ऐकू नका, तार पेटते!