पंधरा हजारांच्या पुढे काय ऐकू येते?

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढे अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या घरांत जे दूरचित्रवाणी संच आले, त्यांच्याबरोबर एक अतिशय बारीक शिट्टीही घरात आली, जी लहान मुलांना सहज ऐकू येई आणि वडीलधाऱ्यांच्या गावीही नसे. भारतात स्वीकारलेल्या पद्धतीत पडद्यावरचे प्रत्येक चित्र ६२५ आडव्या रेषांचे असे आणि अशी २५ चित्रे सेकंदाला उमटत. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा ओढल्या जात आणि त्याच गतीने कंप पावणारा संचातील ट्रान्सफॉर्मर तेवढ्याच वारंवारतेचा आवाज करी. वारंवारता म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या; तिचे एकक हर्ट्झ. कोणी मुद्दाम न योजलेली ती घरगुती श्रवणचाचणीच होती. चपट्या पडद्यांचे संच आल्यावर ती बंद पडली आणि आता तेच काम मोबाइलवर चढत्या वारंवारतेचे स्वर वाजवून केले जाते.

मानवी कानाचा पल्ला २० ते २०,००० हर्ट्झ असा सांगितला जातो, परंतु त्याचे वरचे टोक तरुणपणीच खाली येऊ लागते. अंतर्कर्णात शंखासारखी वेटोळी असलेली एक नलिका असते. तिच्यातील पडदा तोंडाशी अरुंद व ताठ, तर आतल्या टोकाशी रुंद व सैल असल्याने उंच स्वर तोंडाशी आणि खर्जातले स्वर आत खोलवर उमटतात. ही कंपने टिपणाऱ्या केशपेशी प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार असतात आणि एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत. झीज तोंडाकडच्या पेशींपासून सुरू होते; म्हणून पन्नाशीतल्या माणसाला ती जुनी शिट्टी ऐकू आली नसती, तर त्यात आजार मानण्याचे कारण नाही.

घरी चाचणी घेताना कानाइतकीच यंत्राचीही परीक्षा होते, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मोबाइलचा इवलासा स्पीकर खर्जातले स्वर जवळजवळ काढतच नाही, आकार लहान करण्यासाठी दाबलेल्या ध्वनिफितीत १६,००० हर्ट्झच्या पुढचा भाग पुष्कळदा कापलेला असतो आणि स्वर एकदम सुरू झाला, तर होणारी 'टक्' हीच स्वर समजून माणूस खूश होतो. त्याहून वाईट म्हणजे ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत नेणे. न ऐकू येणारा स्वरही कानावर पुरेपूर आदळत असतो. आवाजाची पातळी १,००० हर्ट्झच्या सुखकर स्वरावर एकदा ठरवून नंतर तिला हात न लावणे, चांगले हेडफोन घेणे आणि दोन्ही कान स्वतंत्रपणे तपासणे, एवढे पथ्य पाळले तर निष्कर्षाला थोडा अर्थ राहतो.

उपनगरात खरी अडचण शांततेची आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे एकक. ही मर्यादा कसोशीने पाळली गेली, असे क्षणभर गृहीत धरले, तरी ४५ डेसिबलच्या गोंगाटात मंद स्वर बुडून जातात, कारण निकोप कान शून्याच्या आसपासचा आवाजही टिपू शकतो. घाटकोपरवरून उतरणारी विमाने, लोकल आणि डोक्यावरचा पंखा यांचा घरघराट मुख्यतः खालच्या वारंवारतेचा असल्याने तो खालचे स्वर अधिक झाकतो. म्हणून पंखा बंद करून, शेवटची लोकल गेल्यावर चाचणी घेणे हाच त्यातल्या त्यात व्यवहार्य उपाय.

इतके करूनही हाती येणारा आकडा तसा बिनकामाचाच म्हणावा लागेल. रोजच्या बोलण्याचा बहुतेक भाग २५० ते ८,००० हर्ट्झमध्ये सामावतो. त्यात 'अ', 'आ' यांसारखे भाषेतले स्वर खालच्या बाजूला असतात, तर 'स', 'फ' यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग बराच वर असतो. झीज तिथवर पोहोचली की आवाज पोहोचतो पण शब्द लागत नाही आणि 'साठ' की 'आठ' असा घोटाळा होऊ लागतो. 'ऐकू येतं, पण कळत नाही' ही घरातल्या ज्येष्ठांची तक्रार दुर्लक्षाची नसून याच झिजेची असते. त्यामुळे कान किती उंच स्वर ऐकतो यापेक्षा बोलण्याच्या पट्ट्यातला किती हळू आवाज ऐकतो, हे कळणे अधिक मोलाचे; आणि ते मोजायला मापांकन केलेले यंत्र व ध्वनिरोधक खोली लागते.

ही तपासणी म्हणजे ऑडिओमेट्री. तिच्या आलेखावर उजवा कान लाल वर्तुळाने, तर डावा निळ्या फुलीने दाखवतात. वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था याच कामासाठी आहे. घरच्या चाचणीत दोन कानांत ठळक फरक आढळला, तर अशी तपासणी करून घ्यावी. एका कानाचे ऐकणे अचानक, दोन-तीन दिवसांत कमी झाले, तर मात्र मोबाइल बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसातज्ज्ञ गाठावा, कारण त्यावरचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक उपयोगी पडतात.