अहवालातील ‘तारीख’ नेमकी कोणती?

नवी दिल्ली : केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार वस्तू आणि सेवा कराचे एकूण संकलन मार्च २०२५ मध्ये सुमारे १ लाख ९६ हजार कोटी रुपये होते. एप्रिलमध्ये ते २ लाख ३७ हजार कोटींवर गेले आणि मे महिन्यात २ लाख १ हजार कोटींवर आले. केवळ हे तीन आकडे पाहणाऱ्याला मे महिन्यात देशाचा व्यापार सुमारे १५ टक्क्यांनी घसरला, असे वाटू शकेल. प्रत्यक्षात तसे घडले नव्हते. मे २०२४ च्या तुलनेत मे २०२५ चे संकलन १६ टक्क्यांहून अधिक वाढलेले होते.

या गैरसमजाचे मूळ तारखेत आहे. मासिक संकलनाचा आकडा कर जमा झालेल्या महिन्याचा असतो. देशांतर्गत व्यवहारांवरील कराचा मोठा भाग मात्र आदल्या महिन्यातील विक्रीचा असतो, कारण मासिक विवरणपत्र आणि कर भरण्याची मुदत सामान्यतः पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत असते. त्यामुळे एप्रिलच्या आकड्यात मार्चअखेरच्या विक्रीची घाई उतरते. विक्रीचा महिना आणि कर जमा होण्याचा महिना यांतील हा फरक सरकारी आकडेवारीत सर्वज्ञात आहे. व्यापारी संस्थांच्या अहवालांत मात्र तो वारंवार नजरेआड होतो.

एक व्यवहार, अनेक तारखा

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नोएडातील एका लघुउद्योजकाला गुरुग्राममधील कंपनीकडून २४ मार्च २०२५ रोजी मागणी आली. त्याने २९ मार्च रोजी बीजक तयार करून माल रवाना केला. कंपनीच्या गोदामात तो २ एप्रिल रोजी पोहोचला. तेथील लेखा विभागाने ९ एप्रिल रोजी बीजकाची संगणकात नोंद केली आणि १९ मे रोजी पैसे दिले.

ही विक्री कोणत्या महिन्याची? विक्री विभागाच्या दृष्टीने ती मार्चची आहे. वस्तू आणि सेवा करासाठीही बीजकाच्या तारखेमुळे ती मार्चचीच ठरते आणि तिच्यावरील कर २० एप्रिलपर्यंत भरावा लागतो. परंतु मालाची जोखीम गोदामात पोहोचेपर्यंत विक्रेत्याकडेच राहील, असे करारात ठरले असेल, तर हिशेबाच्या पुस्तकांत तीच विक्री एप्रिलमध्ये, म्हणजे पुढील वित्तीय वर्षात धरावी लागू शकते. रोख रकमेचा अंदाज बांधणाऱ्यासाठी तर १९ मे हीच तारीख खरी.

यांपैकी कोणतीही तारीख चुकीची नाही. चूक होते ती अहवालात ‘तारीख’ नावाचा एकच रकाना ठेवल्यामुळे. अशा रकान्यात एक कर्मचारी बीजकाची तारीख लिहितो, तर दुसरा नोंदणीची. वर्षअखेरीस दोन विभागांच्या बेरजा जुळत नाहीत आणि दोघेही आपलाच आकडा बरोबर असल्याचे सांगतात. म्हणून मागणी, बीजक, माल पोहोच, नोंद आणि रक्कम प्राप्ती यांचे रकाने स्वतंत्र असावेत. त्यांची नावेही तशीच स्पष्ट असावीत.

पंचेचाळीस दिवसांचा प्रश्न

सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठी हा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार खरेदीदाराने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत. ही मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच असते. मालाबाबत १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली गेली नाही, तर माल प्रत्यक्ष पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस मानला जातो. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते.

वरील उदाहरणात ४५ दिवसांचा करार होता असे मानले, तर २ एप्रिलपासून ही मुदत १७ मे रोजी संपते. १९ मे रोजी दिलेले पैसे दोन दिवस उशिरा मिळाले. मात्र कंपनीची प्रणाली ९ एप्रिल या नोंदीच्या तारखेपासून दिवस मोजत असेल, तर मुदत २४ मेपर्यंत लांबते आणि तेच पैसे ‘वेळेवर’ दिल्याचे अहवालात दिसते. यासाठी कोणीही खोटे बोललेले नसते. अहवाल तयार करताना चुकीचा रकाना निवडला गेलेला असतो. दरम्यान, त्या उद्योजकाने या विक्रीवरील कर पैसे हाती येण्यापूर्वी सुमारे महिनाभर आधीच भरलेला असतो.

दिवस आधी की महिना आधी?

रकाना योग्य निवडला तरी त्यातील मजकूर संगणकाने खरोखर तारीख म्हणून वाचला आहे का, हे तपासावे लागते. आपल्याकडे ०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल. अमेरिकी पद्धतीवर बेतलेला संगणक मात्र ती ४ मार्च समजतो. १३/०४/२०२५ या तारखेचा अर्थ त्याला लागत नाही, कारण तेरावा महिना नसतो. मग ती नोंद साधा मजकूर म्हणून पडून राहते. परिणामी महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या बहुतेक नोंदी मुकाट्याने चुकीच्या महिन्यात जातात आणि उरलेल्या बेरजेतून गळतात.

एक्सेलमध्ये याची खूण सोपी आहे. वेगळी मांडणी केलेली नसेल तर खरी तारीख चौकटीत उजवीकडे सरकते आणि मजकूर डावीकडे राहतो. दोन प्रणालींमध्ये माहितीची देवाणघेवाण करताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे २०२५-०४-०३ अशी आंतरराष्ट्रीय मानकाची मांडणी वापरल्यास संदिग्धता राहत नाही.

घडलेच नाही, त्याची तारीखही नको. पैसे आले नसतील तर तो रकाना रिकामाच ठेवावा. तेथे शून्य भरल्यास एक्सेल ते सन १९०० च्या आरंभीची तारीख म्हणून दाखवू शकते आणि थकबाकीचे सरासरी दिवस हास्यास्पद होतात. आजची तारीख भरल्यास थकबाकीच नाहीशी होते.

पहाटेचे साडेपाच तास

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. अनेक संगणक प्रणाली वेळेची नोंद जागतिक समन्वित वेळेनुसार करतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. ही प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे असून तेथे आण्विक घड्याळांच्या साहाय्याने ती जपली जाते.

अहवालात वेळेचे रूपांतर केले नसेल, तर १ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक मागणी ३१ मार्चच्या खात्यात पडते. तिचा दिवस, महिना, तिमाही आणि वित्तीय वर्ष, सारेच बदलते. पॉवर बीआयसारख्या साधनाच्या ऑनलाइन सेवेत ‘आज’ ही तारीखही जागतिक वेळेनुसारच ठरते. त्यामुळे पहाटे पाच वाजता आपोआप तयार होणारा अहवाल कालचाच दिवस आज समजतो.

वर्ष एप्रिलचे, सण चंद्राचे

भारतात सरकारी वित्तीय वर्ष १८६७ पासून १ एप्रिल ते ३१ मार्च असे आहे. अनेक विश्लेषण साधने मात्र वर्षाची सुरुवात जानेवारीपासून गृहीत धरतात. त्यामुळे ‘पहिली तिमाही’ म्हणजे जानेवारी ते मार्च की एप्रिल ते जून, हे आधीच निश्चित करावे लागते. साखर उद्योगाचा हंगाम तर ऑक्टोबर ते सप्टेंबर असा मोजला जातो. आयकरात २०२४-२५ मधील उत्पन्न ‘आकारणी वर्ष २०२५-२६’ या नावाने ओळखले जाई. आयकर कायदा, २०२५ ने १ एप्रिल २०२६ पासून त्याऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संकल्पना आणली. जुन्या नोंदी वाचताना हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

यावर उपाय म्हणजे दिनदर्शिकेचा स्वतंत्र तक्ता. त्यात प्रत्येक दिवसाची एक ओळ असते आणि तिच्यापुढे वित्तीय वर्ष, तिमाही, वार, सुट्टी आणि सण यांचे रकाने असतात. सणाचा रकाना अनावश्यक वाटला तरी टाळू नये. दिल्लीत दिवाळी २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होती, तर २०२५ मध्ये २० ऑक्टोबरला. सदर बाजार किंवा चांदणी चौकातील दुकानदाराने या दोन वर्षांच्या नोव्हेंबरमधील विक्रीची सरळ तुलना केली, तर धंदा बुडाल्याचा भास होईल. दिवाळीपूर्वीच्या तीस दिवसांची तुलना केल्यास खरे चित्र दिसेल.

पॉवर बीआयमध्ये दिनदर्शिकेचा हा तक्ता व्यवहारांच्या तक्त्यातील अनेक तारखांशी जोडता येतो, पण एका वेळी एकच जोडणी सक्रिय राहते. इतर तारखांनुसार मोजणी हवी असल्यास सूत्रात तसे सांगावे लागते. म्हणजेच कोणती तारीख मुख्य मानायची, हा निर्णय अखेर माणसालाच घ्यावा लागतो.

तो निर्णय अहवाल वाचणाऱ्यालाही कळला पाहिजे. त्यासाठी शीर्षकाखाली एक ओळ पुरेशी आहे : ‘विक्री बीजकाच्या तारखेनुसार, थकबाकी माल पोहोचल्याच्या तारखेनुसार, वेळ भारतीय प्रमाणवेळ.’ ही ओळ असती, तर नोएडातील त्या उद्योजकाला आपले दोन दिवस कोठे गेले, हे विचारता आले असते.